कोहलबर्गच्या पायऱ्या: "चोरू नये" म्हणणारं पोर नक्की कुठल्या पायरीवर?

तिसरा_बाक

नमस्कार मंडळी. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) अभ्यास चालूये, पेपर १, आणि बालमानसशास्त्रात कोहलबर्गपाशी गाडी अडकलीये, म्हणजे मुलांचा नैतिक विचार पायरीपायरीनं वाढतो असं सांगणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. क्लासच्या नोट्समध्ये एक प्रश्न आहे तो जसाच्या तसा देते: "हाइन्झने औषध चोरायला नको होते असे म्हणणारे मूल नैतिक विकासाच्या कोणत्या अवस्थेत आहे?" पर्याय चार. शिक्षा व आज्ञापालन, देवाणघेवाण, चांगला मुलगा-चांगली मुलगी, कायदा व सुव्यवस्था. उत्तर दिलंय कायदा व सुव्यवस्था. सरांना विचारलं का, तर म्हणाले चोरी बेकायदेशीर असते म्हणून, पाठ करा आणि पुढे चला.

आता माझी शंका अशी की माझी दुसरीतली मुलगी पण "चोरू नये" असंच म्हणाली (रात्री जेवताना तिला गोष्ट सांगितली, घरात सध्या सगळ्यांवर प्रयोग चालूयेत माझे) आणि का म्हणून विचारलं तर "पोलीस पकडतील ना". सासरे पण म्हणाले चोरू नये, पण त्यांचं कारण "उद्या ज्याला त्याला आपली अडचण मोठी वाटायला लागली तर दुकान कोण उघडं ठेवेल". उत्तर दोघांचं एकच, मग आजोबा आणि नात एकाच पायरीवर का?

दुसरं म्हणजे वयाचा तक्ता. सहा पायऱ्या, दोनदोनच्या तीन पातळ्या, आणि त्यांना वयं लावलीयेत: ४ ते १० पहिली पातळी, १० ते १३ दुसरी, आणि १३ नंतर सगळे डायरेक्ट तिसऱ्या पातळीवर. आमच्या बिल्डिंगमधली १३ च्या वरची माणसं बघितली तर हे काही पटत नाही 😀 परीक्षेपुरतं नको, खरंच समजून घ्यायचंय. कोणी सांगेल का?

---

खडूचा_तुकडा

ताई, तुमची शंका बरोबर आहे, प्रश्नच चुकीचा आहे. म्हणजे जेवढी माहिती दिलीये तेवढ्यावर तो सुटतच नाही. मी डी.एल.एड.च्या (शिक्षक व्हायच्या पदविकेच्या) पोरांना हेच शिकवतो आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गाइडात हा असाच छापलेला सापडतो.

आधी गोष्ट पूर्ण सांगतो कारण नोट्समध्ये ती दोन ओळीत उरकतात आणि त्यातली मेख निघून जाते. युरोपात एक बाई कॅन्सरनं मरायला टेकलीये, डॉक्टरांच्या मते एकच औषध तिला वाचवू शकेल, रेडियमचा एक प्रकार, त्याच गावातल्या औषधवाल्यानं नुकतं शोधलेलं. त्याला रेडियमला २०० डॉलर पडतात आणि छोट्याशा डोसला तो २००० मागतो. नवरा, म्हणजे हाइन्झ, ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडे हात पसरून १००० जमवतो. औषधवाल्याला म्हणतो बायको मरतेय, कमी कर नाहीतर उरलेले नंतर घे. तो म्हणतो नाही, शोध मी लावलाय, पैसे मी कमावणार. मग हाइन्झ रात्री दुकान फोडतो. करायला हवं होतं का त्यानं असं?

हे "चोरावं की नाही" कोहलबर्गनं विचारलं ते पोराला बोलतं करायला. त्याचं सगळं लक्ष पुढच्या "का" वर, आणि त्या "का" ला अजून एक "का", मग "बायको नसून अनोळखी बाई असती तर?", "तो पकडला गेला तर न्यायाधीशानं काय करावं?" असं खोदत खोदत जायचं. तुमच्या मुलीचं "पोलीस पकडतील" ही पहिली पायरी, नक्की. पण "चोरावं, बायको मेली तर सगळे त्यालाच धरतील" हीसुद्धा पहिलीच, कारण दोन्हीकडे नजर मार कोणाकडून बसेल यावरच आहे. दुसऱ्या पायरीवर हिशोब चालतो: ती बरी झाली तर पुन्हा त्याचंच घर सांभाळेल, मग चोरणं परवडलं, किंवा उलटं, हा जेलमधून सुटेपर्यंत ती जायचीच, मग कशाला फुकटची झंझट. तिसरी पायरी म्हणजे आपलं अख्खं "लोक काय म्हणतील" खातं, चांगला नवरा बायकोला असं मरू देत नाही, किंवा चांगल्या घरातला माणूस चोरी करत नाही. तुमचे सासरे चौथ्यावर बोललेत, त्यांना एकट्या हाइन्झचं नाही तर अख्ख्या गावाचा व्यवहार दिसतोय. आणि चौथ्यावर राहून "चोरावं" म्हणणाराही भेटतो, तो म्हणेल लग्न करताना जबाबदारी घेतलीये ती पार पाडावी आणि मग कायद्यानं जी होईल ती शिक्षा भोगावी. पाचव्यावर माणूस विचारतो की मालमत्तेचा कायदा केला कशासाठी, लोकांनी नीट जगावं म्हणूनच ना, मग जीव आणि मालमत्ता समोरासमोर आले तर आधी कोण? सहावी म्हणजे तत्त्व, कोणाच्याही जागी उभं राहून बघितलं तरी टिकेल असं.

वयाच्या तक्त्याचं सांगायचं तर तो कोहलबर्गच्या डोक्यावर गाइडवाल्यांनी ठेवलेला आहे. त्याचा पीएचडीचा अभ्यास १९५८ चा, शिकागोचा, ७२ मुलगे, वयं १०, १३ आणि १६. पुढे त्यातल्या ५८ जणांना दर तीनचार वर्षांनी गाठून पुन्हापुन्हा विचारत राहिले, तब्बल २० वर्षं, आणि ते सगळं एकत्र छापून आलं १९८३ ला. त्यात दिसलं ते असं की पायऱ्या क्रमानं येतात, मधली गाळून कोणी उडी मारत नाही, पण मोठी झालेली बहुतेक माणसं तिसऱ्या-चौथ्यातच स्थिरावतात. पाचवी मोजक्यांची. सहावी त्या मुलाखतींमध्ये कोणाचीच पक्की सापडेना म्हणून शेवटी गुण द्यायच्या मॅन्युअलमधून ती काढूनच टाकली. तुमच्या बिल्डिंगबद्दलचं निरीक्षण म्हणजे संशोधनाला धरूनच आहे 🙂

परीक्षेत असा प्रश्न आलाच तर अंतरिम उत्तरसूची लागते तेव्हा आक्षेप घ्या. तोवर क्रम आणि नावं पाठ.

---

गल्ली_अंपायर

सरांनी छान सांगितलं पण माझं म्हणणं कोहलबर्गच्या आधी पियाजे वाचा, तो जास्त मजेशीर आहे आणि पेपरला तोही येतो. कोहलबर्ग उभा आहे तो त्याच्याच खांद्यावर.

पियाजे म्हणजे स्विस मानसशास्त्रज्ञ. त्यानं काय केलं, न्यूशाटेल आणि जिनिव्हामधल्या पोरांबरोबर गोट्या खेळायला बसला. खरंच. मला येत नाही, शिकवा म्हणायचा, आणि पोरं शिकवायला लागली की हळूच विचारायचा हा नियम कोणी केला, बदलला तर चालेल का, तुझा नवा नियम केला तर तो खरा नियम होईल का. १९३२ ला हे सगळं पुस्तक म्हणून आलं. ५-६ वर्षांची पोरं ठामपणे सांगायची नियम मोठ्यांनी केलेत, देवानं केलेत, बदलायचे नाहीत, आणि गंमत म्हणजे तीच पोरं खेळताना आपापलं काहीही खेळायची आणि शेवटी सगळेच जिंकायचे. १०-१२ ची पोरं मात्र म्हणायची सगळ्यांना मान्य असेल तर बदला की, त्यात काय, आणि ती पाळायची पण काटेकोर.

हे बघायला स्वित्झर्लंडला जायची गरज नाही, संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहा. आमच्याकडे परवा मोठ्या पोरांनी ठरवलं की आज माणसं कमी आहेत, वन टप आउट बंद, आणि बॉल पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत गेला की आउट, वर ज्यानं मारला त्यानंच बेल वाजवून आणायचा. दोन मिनिटात ठराव पास. पण एक लिंबूटिंबू होता, पहिलीतला असेल, तो स्टंपसमोर, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीसमोर, उभा राहून रडायला लागला, "वन टप आउट असतोच! असतोच!" त्याच्या लेखी कोणीतरी सूर्य पश्चिमेला उगवायला लावला होता. आणि हाच पठ्ठ्या स्वतः आउट झाला की बॅट सोडत नाही. मोठा दादा त्याला समजावत होता की अरे नियम आपणच केलाय, आपणच बदललाय. त्याला ते कळेचना. "आपण" केलाय म्हणजे काय?? पियाजेचं अख्खं प्रकरण त्या खुर्चीसमोर.

१५ कपांची गोष्ट पण करून बघा घरी. एका मुलाला जेवायला बोलावलं, त्यानं दार ढकललं, दारामागे खुर्चीवर ट्रे होता हे त्याला माहीतच नाही, १५ कप फुटले. दुसऱ्यानं आई घरी नसताना जॅम चोरायला वर हात घातला, एकच कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान पोरं म्हणतात १५ वाला. मोठी झाली की विचारतात तो करत काय होता. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरी कपबशी फुटल्याचा आवाज आला की आधी धपाटा मग चौकशी, मग पोरं नुकसान मोजायला शिकणार नाहीत तर काय 😂

---

अबोली_संध्याकाळची

कोणी एक गोष्ट लक्षात घेतली का, ७२ मुलगे. मुलगे. एक मुलगी नाही. आणि त्यावरून काढलेली शिडी "मानवाच्या नैतिक विकासाची".

हार्वर्डला त्याच्याच बरोबर काम केलेल्या कॅरल गिलिगन बाईंनी १९८२ ला याच्यावरच बोट ठेवलं. त्यांनी दोन ११ वर्षांच्या मुलांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली, नावं जेक आणि एमी (बदललेली असणार). जेक म्हणतो चोरावं, जीव पैशापेक्षा मोठा, त्याला ते माणसांचं गणित वाटतं, सोडवलं की सुटलं. एमी म्हणते चोरू नये पण बायको पण मरू नये, दुसरा काहीतरी मार्ग असेल, कर्ज काढावं, आणि चोरी करून तो जेलमध्ये गेला आणि ही पुन्हा आजारी पडली तर मग औषध कोण आणून देणार? बसून बोलावं त्या औषधवाल्याशी. कोहलबर्गच्या मोजपट्टीवर ही एमी जेकपेक्षा एक अख्खी पायरी खाली जाते, कारण काय तर ती ठामपणे तत्त्व सांगत नाही, "डिपेंड्स" म्हणते.

मला तर एमीचं डोकं जास्त चालतंय असं वाटतं. तिनं प्रश्नच मान्य केला नाही. आमच्या आत्याला ही गोष्ट सांगितली असती तर तिनं आधी विचारलं असतं की त्या औषधवाल्याला बायको नाही का, मी बोलते तिच्याशी. अशा बाईला तुम्ही तिसऱ्या पायरीवर बसवणार आणि नाक वर करून जीव मोठा मालमत्ता छोटी म्हणणाऱ्याला पाचव्यावर? नाती सांभाळून वाट काढणं ही पण अक्कल आहे, आणि ती पोरींना लहानपणापासून शिकवली जाते, फुकटात.

---

खडूचा_तुकडा

अबोली ताई, मुद्दा मान्य, मुलगेच घेतले ही मोठी खोट होतीच. पण इथे एक जोडायला हवं. १९८४ ला लॉरेन्स वॉकर नावाच्या संशोधकानं तोवर झालेले सगळे अभ्यास गोळा करून तपासले, आणि शिक्षण-नोकरी सारखी असेल तर कोहलबर्गच्या गुणांमध्ये बायका-पुरुषांत म्हणावा असा फरक त्याला दिसला नाही. म्हणजे "बायकांना खालचे गुण पडतात" हे तितकं टिकलं नाही. गिलिगनचं जे टिकलं ते हे की न्याय हा एकच धागा धरून सगळी नीती मोजता येत नाही, काळजी हा दुसरा धागा आहे आणि तो पुरुषांतही सापडतो. टीईटीला दोघांचीही नावं येतात, गिलिगनसमोर "काळजीचे नीतिशास्त्र" असं काहीतरी लिहिलेलं असेल तोच पर्याय.

---

बदलीवाला

मी बँकेत, काही वर्षं भुवनेश्वरला पोस्टिंग होतं म्हणून हा अभ्यास मुद्दाम वाचला होता. रिचर्ड श्वेडर म्हणून शिकागोचे मानववंशशास्त्रज्ञ, त्यांनी महापात्र आणि मिलर या दोघांबरोबर भुवनेश्वरच्या जुन्या भागात आणि शिकागोच्या हाइड पार्कमध्ये मुलांना आणि मोठ्यांना ३९ प्रसंग देऊन विचारलं, यात चूक काय, किती मोठी चूक. १९८७ ला छापून आलं. तिकडच्या ब्राह्मण घरांमध्ये सगळ्यात भयंकर ठरलेल्या प्रसंगांपैकी एक कुठला माहितीये? वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि चिकन खाल्लं. अमेरिकन पोरांना यात चूक काय तेच कळेना. आणि विधवा बाई आठवड्यातून दोनतीनदा मासे खाते हेही तिकडे गंभीर पाप.

आता सांगा हे कुठल्या पायरीवर ठेवणार. कोहलबर्गवाले म्हणणार रूढी, म्हणजे तिसरी-चौथी. पण ती माणसं म्हणत होती की हे आमच्या गावापुरतं नाही, सगळीकडे चूकच आहे, बहुमतानं बदललं तरी चूकच राहील. म्हणजे त्यांच्या तोंडी भाषा सहाव्या पायरीची! सुतकात काय खावं हा आपल्याकडे पण काही नुसता चालीरीतीचा प्रश्न नसतो, दहाव्याला कावळा शिवेपर्यंत ताटकळलेल्या माणसांचे चेहरे बघा एकदा.

यावर एलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञानं आणि मंडळींनी दिलेलं उत्तर मला आवडलं होतं. ते म्हणाले अहो, त्या घरातल्या लोकांना खरंच वाटतं की मुलानं असं केलं तर बापाच्या आत्म्याला गती मिळत नाही, त्रास होतो. मग त्यांचं कारण पण "दुसऱ्याला इजा करू नये" हेच झालं की, फरक नीतीत नाही, जगात काय असतं आणि काय नसतं याच्या समजुतीत आहे. मला हे निम्मं पटतं. निम्मं अशासाठी की सगळंच इजेच्या कपाटात कोंबलं तर पावित्र्य, मर्यादा, ऋण या गोष्टी जागेवर राहत नाहीत, आणि आपली निम्मी भांडणं तर त्यांच्यावरूनच होतात.

अजून एक, जोन मिलर आणि बर्सॉफचा १९९२ चा. मैसूरच्या आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या लोकांना विचारलं: जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या तुमच्याकडे आहेत, पाकीट मारलं गेलंय, तिकिटाला पैसे नाहीत, शेजारच्या सुटाबुटातल्या माणसाच्या कोटात तिकीट दिसतंय, तो कोट ठेवून गेलाय. घ्यायचं का? मैसूरवाले बहुतेक म्हणाले घ्यावं, लग्न अडायला नको. अमेरिकेतले बहुतेक म्हणाले चोरी ती चोरी. मैत्रीसाठी धावणं हे तिकडे चांगुलपण आहे, आपल्याकडे कर्तव्य आहे. शिडी लावायच्या आधी भिंत कुठली ते बघावं लागतं एवढंच.

---

कटिंग_अर्धा

सगळं वाचलं, भारी आहे, पण हे सगळं बोलण्याचं शास्त्र आहे राव. "का" ला गुण देता ठीक, पण "का" सांगायला काय जातंय. आमच्या सोसायटीत मूल्यशिक्षणावर भाषण देणारे एक गृहस्थ आहेत, मेंटेनन्स सगळ्यात शेवटी त्यांचा येतो, आणि कारण विचारा, पाचव्या पायरीवरचं ऐकवतात, घटनेतल्या कलमासकट.

पुण्यात रात्री ११ ला रिकाम्या चौकात लाल सिग्नलला उभे राहा म्हणजे अख्खा कोहलबर्ग दिसेल. एक जण डावीकडे-उजवीकडे बघतो, गाडीसाठी नाही, मामा कुठल्या झाडामागे आहे का ते बघायला. दुसरा म्हणतो सगळेच तोडतात मी एकटा का थांबू. तिसरा मागे बायकोचे वडील बसलेत म्हणून थांबलाय. आणि मागून हॉर्न मारणारा तो कुठल्याच पायरीत बसत नाही. आता मजा म्हणजे सकाळी हेच चौघं ऑफिसात चौथ्या पायरीवर असतात. मग पायरी माणसाची की चौकाची?

१९२० च्या दशकात अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी पोरांना कॉपी करायची, खोटं बोलायची, पैसे उचलायची सोय करून देऊन गुपचूप बघितलं होतं. जो पोरगा वर्गात कॉपी करतो तोच खेळात प्रामाणिक, आणि उलटं. नीतीचे धडे तोंडपाठ असणारी पोरं काही कमी लबाड निघाली नाहीत. आणि अलीकडचा मानसशास्त्रज्ञ जॉनथन हाइट तर २००१ पासून सांगतोय की माणूस आधी आतून ठरवतो, कारण नंतर जुळवतो, वकिलासारखं. मला तरी हे जास्त पटतं. तुमची मुलगी "पोलीस" म्हणाली कारण तुम्ही विचारलं म्हणून, त्याआधी तिच्या पोटात "नाही" येऊन बसलेलं होतं.

---

रायगडकर

@कटिंग_अर्धा, रोजच्या सिग्नलला तुमचं बरोबर असेल, पण कारणाला काही किंमतच नाही म्हणालात तर मोठे प्रसंग समजतच नाहीत. आमच्या महाडचं घ्या.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ ला चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर कायदा झाला, तरी पाण्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही, कारण गावाची रूढी. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या दिवशी चिडून लाठ्या घेऊन धावलेले आणि नंतर तळ्याचं शुद्धीकरण करणारे लोक कोण होते, कायद्याच्या बाजूचे का? नाही. ते तिसऱ्या पायरीवर होते, आपल्या जातभाईंत मान खाली जाऊ नये म्हणून. नगरपालिकेनं पण पुढे तो ठराव मागे घेतला.

पण मला जास्त विचार करायला लावतो तो डिसेंबर. पुन्हा सत्याग्रह ठरला, माणसं गावोगावाहून आली, आणि विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. जमलेली माणसं जेलात जायला तयार होती. आणि बाबासाहेबांनी तळ्यावर जायचं थांबवलं, कोर्टात लढायचं ठरलं. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, म्हणजे भीती म्हणून थांबले असं म्हणायची सोय नाही. केस चालली, हायकोर्टाचा निकाल बाजूनं लागला तो १९३७ ला. आता "कायदा पाळला" एवढंच बघितलं तर गाइडवाला चौथी पायरी टिकमार्क करेल आणि मार्चमध्ये "रूढी मोडली" बघून पाचवी-सहावी. एकाच माणसाचे नऊ महिन्यांतले दोन निर्णय. कारणं ऐकल्याशिवाय काही म्हणजे काही कळत नाही, आणि इथे ती कारणं भाषणांमधून नोंदलेली आहेत, मागाहून जुळवलेली नाहीत. एका जुलमी रूढीला जुमानायचं नाही आणि न्याय मागायचा जो रस्ता उद्या आपल्याच लोकांना लागणार आहे तो मोडायचा नाही, हे दोन्ही एकाच डोक्यात बसतं.

कोहलबर्ग स्वतः सहाव्या पायरीचं उदाहरण म्हणून मार्टिन ल्यूथर किंगचं नाव घ्यायचा. महाड त्याला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

कटिंग_अर्धा

मान्य, मोठ्या माणसांचं वेगळं. मी आपला मेंटेनन्सवाल्यांबद्दल बोलत होतो 🙏

---

तिसरा_बाक

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. १५ कप लगेच करून बघितलं, मुलगी म्हणाली १५ वाला वाईट, "पण त्याला माहीत नव्हतं ना आई, मग थोडासाच वाईट". आता हिला कुठे ठेवू 😀

शेवटचं एक विचारते. नोकरी लागली तर (लागू दे देवा) वर्गात याचं करायचं काय? सुविचार फळ्यावर लिहून पोरं वर सरकतात का?

---

खडूचा_तुकडा

मधेच ठेवा तिला, पोरं मधेच असतात, दोन पायऱ्यांवर एकेक पाय देऊन. तक्त्यात ते छापता येत नाही एवढंच.

सुविचारानं काही सरकत नाही. कोहलबर्गचा एक विद्यार्थी होता, मोशे ब्लॅट, त्यानं १९६० च्या दशकाच्या शेवटी मुलांसमोर असे पेच ठेवून नुसती चर्चा घडवली, आणि बऱ्याच पोरांची बोलायची पायरी वर गेलेली दिसली. त्यात कळीची गोष्ट अशी की पोराला त्याच्यापेक्षा एक पायरी वरचं कारण कळतं आणि आवडतं पण, दोनतीन वरचं डोक्यावरून जातं. म्हणजे "पोलीस पकडतील" म्हणणाऱ्याला तुम्ही घटनेतली तत्त्वं सांगून उपयोग नाही, शेजारच्या बाकावरचा पोरगा "अरे पण तुझी वस्तू कोणी घेतली तर?" म्हणाला की ते आत जातं. बाईंचं काम वर्गातले वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे दोघं शोधून त्यांना एकमेकांशी बोलायला लावणं, आणि स्वतः निकाल द्यायची घाई न करणं. हे दुसरं फार जड जातं, मला अजूनही जातं.

आणि हाइन्झ नको वर्गात, पोरांना ना रेडियम माहीत ना डॉलर. अंपायर साहेबांचा लिंबूटिंबू घ्या, हरवलेलं कंपासबॉक्स घ्या.

कोहलबर्गला पण पुढे कळलं होतं की गोष्टी सांगून भागत नाही. १९७४ ला मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला एका हायस्कूलच्या आत छोटी शाळा काढली, क्लस्टर स्कूल, तिथे शिक्षकाला एक मत आणि विद्यार्थ्यालाही एकच मत, नियम सगळे सभेत ठरवायचे. एकदा कोणाच्या तरी पर्समधून ९ डॉलर गेले. चोर कोण ते कळेना. सभेत खूप वादावादी होऊन ठरलं की प्रत्येकानं १५-१५ सेंट काढून तिचे पैसे भरून द्यायचे, कारण आपल्यात चोरी झाली म्हणजे ती आपल्या सगळ्यांची. चोर सापडण्यापेक्षा हे मला मोठं वाटतं.

---

तिसरा_बाक

मस्तच. पण सर, पोरांच्या हातात मत दिलं की पहिला ठराव काय येणार माहितीये ना, गृहपाठ बंद.

---

खडूचा_तुकडा

तिथे पण तेच झालं. पहिल्याच सभेत दुपारचे तास सक्तीचे नकोत असा ठराव बहुमतानं आला, पोरं उठून निघायच्या बेतात, आणि मोठ्यांची पळापळ, की थांबा, हे नुसतं मत आजमावलंय, अजून चर्चा व्हायचीये. तेव्हा बालसभेची सुरुवात गृहपाठापासून करू नका. डबा खायला कुठे बसायचं, खेळाचं साहित्य आधी कोणाला, इथून करा, आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.